आमची वाटचाल: लाइफटाइम प्लॅन विकला तिथपासून

सुरुवात दोघांनीच केली, कोड माझ्याकडे आणि डिझाइन, युजरचे मेल वगैरे पार्टनरकडे. ॲप साधंच होतं, एका सोशल प्लॅटफॉर्मवरच्या पोस्ट नीट शांतपणे वाचता याव्यात म्हणून, आणि तेव्हा त्यांचा एपीआय, म्हणजे त्यांच्या सर्व्हरकडून आपल्या ॲपला डेटा मागायची सोय, फुकट होता, त्यामुळे खर्च काय तर ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर, गुगल प्लेचे एकदाच २५ आणि एक छोटा सर्व्हर. मग ठेवला लाइफटाइम प्लॅन, एकदा पैसे भरा आणि कायम वापरा. धडाधड विकला गेला हो, आम्ही खूश.

मग एक दिवस त्या प्लॅटफॉर्मचा मेल आला की आता प्रत्येक कॉलचे, म्हणजे ॲपने दर वेळी डेटा मागितला की त्याचे, पैसे पडणार.

अशा वेळी काय होतं ते रेडिट वाचायच्या अपोलो ॲपचं बघितलं असेलच. २०२३ मध्ये रेडिटने १००० कॉलला ०.२४ डॉलर लावले, अपोलोचा एक युजर दिवसाला सरासरी साडेतीनशेच्या आसपास कॉल करायचा म्हणजे महिन्याला अडीच डॉलर, ऐकायला किरकोळ वाटतं पण सगळे युजर धरले तर वर्षाचे सुमारे २ कोटी डॉलर, शेवटी ३० जूनला ॲप बंद.

आम्ही पहिल्यांदाच लॉग उघडून बसलो आणि लाज वाटली. नोटिफिकेशनसाठी ॲप दर दोन मिनिटांनी विचारत होतं, काही नवीन आहे का, म्हणजे फोन खिशात असतानाही दिवसाला ७२० कॉल! फुकट होतं तोवर कोण बघतंय. ते पंधरा मिनिटांवर आणलं, ९६ झाले, कॅशिंग केलं, म्हणजे एकदा आणलेला डेटा साठवून परत वापरला, अजून कमी झाले.

पण लाइफटाइमवाल्यांचं काय करणार? पैसे एकदाच दिलेले, आणि सगळ्यात जास्त वापर त्यांचाच. पार्टनर म्हणाला, दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी आपण जन्मभरासाठी विकून बसलो. शेवटी त्यांना स्वतःची एपीआय की, म्हणजे कॉल ज्याच्या त्याच्या खात्यावर मोजले जातील असा कोड, टाकायची सोय दिली, काहींनी केलं, काहींनी एक स्टार देऊन शिव्या घातल्या, त्यांचंही चुकलं नाही म्हणा.

नवीन लोकांसाठी सबस्क्रिप्शन आणलं. तेव्हा कळलं की ॲपलचं कमिशन ३० टक्के असलं तरी वर्षाची कमाई १० लाख डॉलरच्या आत असेल तर १५ होतं, फक्त स्मॉल बिझनेस प्रोग्रॅमला अर्ज करावा लागतो. तो आम्ही केलाच नव्हता, इतके दिवस दुप्पट जात होते 🤦

वर्षाचा प्लॅन द्या असे मेल अजून येतात, आम्ही नाही म्हणतो. एपीआयचा दर उद्या बदलला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत कुठून करायचे, अपोलोवाल्याचा तो आकडा अडीच लाख डॉलरच्या आसपास होता. म्हणून फक्त महिन्याचंच.

दुसरं ॲप मात्र आम्ही असं केलंय की सगळं काम फोनवरच होतं, कुणाचा एपीआय लागत नाही. त्याला लाइफटाइम प्लॅन ठेवलाय.