वारीच्या कडेकडेनं

पालखी तिथीनं निघते आणि पाऊस आपल्या मर्जीनं येतो. 2023 साली आषाढी 29 जूनला होती, 2024 साली 17 जुलैला. त्यामुळे आळंदी ते पंढरपूर रस्ता तोच असला तरी एखाद्या वर्षी पायाखाली फुफाटा असतो, तर एखाद्या वर्षी कडेला घोट्याएवढा टाकळा. वाटेत कुठले किडे-पक्षी दिसणार हे निघण्याआधीच पंचांगावरून निम्मं कळतं.

मी मोकळ्या समाजात, म्हणजे कुठल्याही दिंडीत नसलेल्या वारकऱ्यांत चालतो. दिंडीत असताना लक्ष टाळाच्या ठेक्यावर असावं, बांधावर नव्हे. पालखी सहा-साडेसहाला हलते. त्याआधी तासभर तळ सोडला की रस्त्याची कड आपली असते, फक्त पुढच्या मुक्कामाला निघालेल्या ट्रक-टँकरवर कान ठेवायचा. पुणे ते सासवड या टप्प्यात काही दिसेल ही आशा सोडावी. तीसेक किलोमीटरची चाल आणि दिवे घाटातली गर्दी, त्यात डोळे पायावरच राहतात. जेजुरी ते वाल्हे मात्र जेमतेम 12 किलोमीटर आणि जमीन मुरमाड. रेंगाळायचं तर इथे.

मृगाचा किडा अशाच जमिनीत सापडतो. पहिला भिजपाऊस होऊन गेला की सकाळी वर येतो, ऊन तापलं की परत मातीत. लाल मखमलीचा ठिपका, मोठ्यात मोठा ज्वारीच्या दोन-तीन दाण्यांएवढा. आठ पाय मोजले की कोळ्याच्या भावकीतला हे लक्षात येतं. बोट लावलं की पाय आवळून पडून राहतो. वर येण्याचे त्याचे दिवस थोडे असतात आणि जोडीदार व अंडी एवढ्याचसाठी ही धडपड असते. मुलं काडेपेटीत भरून नेतात, तिथे तो कोरडा पडून मरतो. तळहातावर घ्या, बघा, उचलला तिथेच सोडा. पाऊस लांबलेल्या वर्षी तो शोधत बसू नये.

आषाढी उशिरा आली की सुगरणीची वर्षं. विहिरीवर झुकलेली बाभूळ दिसली की आधी तिची पूर्वेची बाजू पाहावी. पावसाचा वारा नैऋत्येचा, म्हणून बहुतेक खोपे आडोशाला टांगलेले असतात. पिवळ्या डोक्याचा नर खोपा निम्मा विणून थांबतो आणि मादी पारखायला येते. पसंत पडला तर बोगदा पुरा करतो, नाही तर सोडून दुसरा धरतो. एकाच फांदीवर अर्धवट खोपे का लोंबतात, त्याचं कारण हे. विहिरीच्या काठाशी जाऊ नये, ओल्या मातीत कड ढासळते.

पावशाचं ‘पेर्ते व्हा’ ऐकू येतं, पक्षी सहसा दिसत नाही. काळा-पांढरा, तुरेवाला चातक मात्र बाभळीच्या शेंड्यावर उघडा बसतो. तो आफ्रिकेतून पावसाच्या आगेमागे येतो आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. तेव्हा सातभाईंचा कलकलाट ऐकला तर आसपास चातक आहे का पाहावं.

नीरा ओलांडून लोणंद, तरडगावाकडे निघालं की काळी माती वाढत जाते. ओली असेल तर तिच्यात उतरूच नये: शंभर पावलांत चप्पल किलोभर होते, पट्टा तुटतो आणि बोटांच्या बेचक्यात ओल राहून कातडी सोलते. पेरलेल्या रानात तर मुळीच नाही. तुडवलेली माती वाळून कडक झाली की कोंब वर येत नाही आणि शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागते. कडेच्या मुरमावर राहून जे दिसेल ते पुष्कळ आहे. वाणी, म्हणजे काहीजण पैसा म्हणतात तो पुष्कळ पायांचा किडा, तिथेच भेटतो. हात लावला तर प्रसादाच्या पंगतीला बसण्याआधी साबणानं धुवावा, त्याच्या अंगचं पाणी डोळ्याला झोंबतं.

सामान थोडंच लागतं. दहापट दाखवणारं भिंग गळ्यात, अंधारात गवतापाशी जायचं तर बॅटरी हातात. दुर्बीण मी नेत नाही. पावसात ती धुरकटते आणि गर्दीत सांभाळावी लागते.