वाटीची कल्हई

त्या आठवड्यात भोसरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत बाळअन्नाच्या बरण्या तपासायला आल्या होत्या. काच, पत्र्याची झाकणं, झाकणाच्या आतली मऊ कड, बाहेरची छपाई. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा शोधायचा होता. सगळं साफ निघालं. अहवाल लिहायला बसले, तेवढ्यात नमुने नोंदवून घेणारी आमची मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात रुमालात गुंडाळलेली वाटी.

"ताई, मशीन चालूच आहे तर हीपण बघता का? परीची आहे."

परी म्हणजे तिची दहा महिन्यांची लेक. वाटी पितळेची, बारशाला आजेसासूबाईंनी दिलेली. दिवाळीच्या आधी दारावर आलेल्या कल्हईवाल्याकडून उजळून घेतलेली. नाचणीची पेज, वरणाचं पाणी आणि थंडी पडल्यापासून टोमॅटोचं सूप, सगळं हिच्यातूनच. काळजी वाटली म्हणून नव्हे, बरण्या पाहिल्या म्हणून तिनं सहज आणली होती.

एक्सआरएफची, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारी बंदूक वाटीच्या आतल्या तळाला लावली. क्ष-किरण पडले की प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत सोडतो, त्यांचे उंचवटे पडद्यावर दिसतात. तांबं आणि जस्त पितळेचं, कथील कल्हईचं, हे अपेक्षितच. पण ऊर्जेच्या मापावर 10.5 केईव्हीला एक उंचवटा होता. एवढ्यावर मी शिसं म्हणत नाही, कारण आर्सेनिकही नेमकं तिथंच दिसतं. म्हणून मी 12.6 कडे पाहिलं, जिथं शिसं दिसतं, आर्सेनिक नाही. तिथं दुसरा उंचवटा, पहिल्याच्या तोलाचा. हे शिसंच.

वाटी पालथी घातली. बाहेरून कल्हई नव्हती, नुसती पितळ होती. तिथं दोन्ही उंचवटे जवळजवळ नाहीसे. म्हणजे शिसं पितळेत नव्हतं, कल्हईत होतं. जागा बदलून तीनदा पाहिलं.

"आजपासून ही वाटी बंद," एवढंच बोलले. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

पण धातूत शिसं आहे म्हणजे ते अन्नात किती उतरतं, हे बंदुकीला कळत नाही. म्हणून चिनी मातीच्या भांड्यांना लावतात तीच कसोटी लावली: वाटीत 4 टक्के ॲसिटिक आम्ल भरून 22 अंशांवर 24 तास. दुसऱ्या दिवशी ते पाणी आयसीपी-एमएसवर, म्हणजे द्रवातला अगदी थोडा धातूही मोजणाऱ्या यंत्रावर घातलं, तर आकडा मोजपट्टीच्या बाहेर. शंभर पट पातळ केलं, तेव्हा कुठे वाचता आला. लिटरला कित्येक मिलिग्रॅम. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनानं, जानेवारी 2025 मध्ये बहुतेक तयार बाळअन्नासाठी शिशाची पातळी ठरवली, ती 10 पीपीबी, म्हणजे किलोला एक मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. दिवसभर आम्लात ठेवलेली वाटी आणि अर्धा तास सूप ठेवलेली वाटी एक नव्हे, हे मी तिला समजावलं. तरी मला स्वतःला त्या रात्री झोप लागली नाही. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेलं शिसं फार तर दहाएक टक्के अंगात मुरतं, तान्ह्या मुलात जवळपास निम्मं. आणि त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही.

परीच्या रक्तात डेसिलिटरला 9 मायक्रोग्रॅम शिसं निघालं. जागतिक आरोग्य संघटना 5 पासूनच शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायला सांगते. बालरोगतज्ज्ञांनी औषध दिलं नाही, ते 45 च्या पुढे. हिमोग्लोबिन पाहिलं आणि लोह सुरू केलं, कारण अंगात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं.

कल्हईवाला त्याच भागातला होता. आम्ही दोघी गेलो, तेव्हा तो पातेल्यावर नवसागर टाकून कापसाचा बोळा फिरवत होता, पांढऱ्या धुरात तोंड घालून. मी त्याची कल्हईची कांडी मागितली.

"ही बरी हो ताई. लगेच वितळते, पसरतेही छान. आधीच्या कथलाला भाता लई मारावा लागायचा."

मला तिथंच उलगडलं. शुद्ध कथील 232 अंशांना वितळतं. शिसं मिसळलं की 190 च्या आतच. त्याच्या हातात वायरी जोडायचं सोल्डर होतं, भंगारातून कथील म्हणून घेतलेलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि धूर सगळ्यात जास्त त्याच्याच छातीत जात होता. नीट कल्हई नसलेलं पितळेचं भांडं अन्नाला चालत नाही, असं आपला अन्नसुरक्षेचा नियम सांगतो. पण दारावरच्या कांडीत काय आहे, हे कोण पाहतं? बरणीला चार चाचण्या आणि वाटीला एकही नाही, याचा मला राग आहे.

कांडी तपासली. कथील साठ, शिसं चाळीसच्या घरात.

कल्हईवाल्या काकांनी ते ऐकलं, भाता बाजूला ठेवला आणि बोटांवर घरं मोजू लागले. पुढच्या रविवारी ते स्वतः दारोदार फिरले. आमच्या साहेबांनी एक दिवस मशीन दिलं. पातेली, लोटे, वाट्या अशी 31 भांडी आली, प्रत्येकावर नाव लिहिलेली चिकटपट्टी. 14 भांड्यांत शिसं निघालं. वरून शुद्ध कथील चढवून काम भागत नाही, खालचं शिसं त्यात मिसळतं. म्हणून ती स्वयंपाकातून कायमची काढली.

काकांनाही रक्त तपासायला पाठवलंय. परीचं पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. ती आता स्टीलच्या वाटीत जेवते.