फोडलेल्या गुळाचा रंग

मी डिझाईन केलेल्या गुळाच्या खोक्याच्या पुनर्छपाईचा निरोप आलाय. फाईल पाठवायची म्हणजे पाच मिनिटांचं काम, पण दोन दिवस मी ती नुसती उघडून बंद करतेय.

काम गेल्या हंगामातलं. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातला एक तरुण शेतकरी, स्वतःचं गुऱ्हाळ, एक किलोच्या खोक्यातून गूळ विकायचा विचार. खोक्यावर गुऱ्हाळाचं चित्र हवं होतं. पहिल्याच भेटीत त्यानं सांगितलं, "ताई, रंग पिवळाच द्या. लोकं पिवळ्यालाच गूळ म्हणत्यात."

त्याचं चुकत नव्हतं. सौद्यात पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, भाव खातो, काळपट मागं पडतो. म्हणून तर काहिलीत रंग उजळवणारी हायड्रोस पावडर पडते. हा पठ्ठ्या ती घालत नाही. रस भेंडीनं साफ करतो, आणि पावडर नसल्यामुळं त्याचा गूळ तपकिरी. मी म्हटलं, "दादा, तुमच्या मालाची गोष्टच ही आहे की तो पिवळा नाही, आणि आपण खोकं पिवळं करायचं?" थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुम्हाला त्यातलं कळतंय." गिऱ्हाईक असं म्हणतं तेव्हा त्याला पटलेलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

रंग मी गुऱ्हाळावर बसून निवडले. फोटोवर माझा भरवसा नाही, मोबाईल वाफेला निळी करतो आणि जाळाला गुलाबी. पोस्टर कलरची डबी नेली आणि कागदावर पट्टे ओढत बसले. चिपाडाचा फिकट भुरा, उसाच्या पाल्याचा निळसर हिरवा, वाफेचा मळका पांढरा, जाळाचा केशरी आणि वाफ्यात थंड झालेल्या गुळाचा तपकिरी. पाचच. छपाईच्या चार शाईंत (निळसर सायन, गुलाबी मजेंटा, पिवळा यलो, काळा ब्लॅक) केशरी मुळात मळकाच उतरतो, म्हणून जाळाला यलो १०० टक्के आणि मजेंटा ३० एवढंच दिलं. भोवती गडद तपकिरी असला की तेवढाही पेटल्यासारखा दिसतो. त्या जाळाचा मला अजून अभिमान आहे.

खोक्याची सगळी जमीन, म्हणजे चित्रामागचा रंग, मात्र गुळाची. सायन ३५, मजेंटा ६०, यलो ९०, ब्लॅक २०. स्क्रीनवर देखणा. गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर बघून अंगठा पाठवला. त्या अंगठ्याला काही अर्थ नसतो. त्याच्या फोनवर दिसतो तो उजेड आणि पुठ्ठ्यावर बसते ती शाई, पण हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

छपाई उद्यमनगरातल्या एका छापखान्यात होती. सकाळी नऊला मशीनवर उभी राहिले. पहिले शंभरेक शीट वायाच जातात, तोवर रंग जागेवर येत नाहीत. ते ठीक. पण पुढंही एका शीटवरच्या सहा खोक्यांपैकी दोन चक्क हिरवट! चार शाईंनी बनवलेला तपकिरी म्हणजे चार जणांनी धरलेली खाट. सायन केसभर वाढला की हिरवा मारतो, कमी झाला की विटकरी होतो. चित्रात बारीक तुकडा असता तर कुणाला कळलंही नसतं, पण इथं सगळी जमीनच त्या रंगाची.

मशीनवरचे मामा तीस-पस्तीस वर्षं त्याच कामात. त्यांनी शीट माझ्यापुढं टाकलं. "सायन काढला तर ऊस पिवळा पडतोय. ठेवला तर गूळ हिरवा. आता तुम्हीच सांगा."

शाई शीटवर पट्ट्यापट्ट्यानं सोडतात. ज्या पट्ट्यात माझा ऊस होता, त्याच पट्ट्यात गुळाची जमीन. एकाची शाई कमी केली की दुसऱ्याची जातेच. हे मला कला महाविद्यालयात कुणी शिकवलं नाही. तिथं पाच वर्षं रंगचक्र रंगवून घेतलं, छापखाना एकदाही दाखवला नाही.

पाचवी शाई, म्हणजे तो तपकिरी वेगळाच घोटून घेणं, हा खरा उपाय. त्याचा खर्च गिऱ्हाइकानं आधीच नाकारला होता. मग मशीन थांबवलं. तिथंच लॅपटॉप उघडून जमिनीतला सायन पूर्ण काढला आणि काळपटपणाचं काम ब्लॅककडं दिलं. सायन ०, मजेंटा ४५, यलो ७५, ब्लॅक ४५. ब्लॅक हलला तर रंग फिका-गडद होतो, हिरवा होत नाही. एवढं साधं मला घरी बसून सुचायला हवं होतं. छपाईच्या चारही प्लेटा नव्या, माझ्या खिशातून.

दुपारी तीनला शीट निघाली. सहाच्या सहा एकसारखी, आणि हुबेहूब माझ्या कागदावरच्या पट्ट्यासारखी. मी सही करायला पेन काढलं. तेवढ्यात मामांनी विचारलं, "गूळ आणलाय काय?"

गिऱ्हाइकानं दिलेला रवा पिशवीत होता. मामांनी तो खिडकीपाशी नेला, शीटवर ठेवला, बघितला. मग लोखंडी पान्यानं फोडला. आतला भाग वेगळाच निघाला. रवाळ, उजेडाला चमकणारा, वरच्या सालीपेक्षा दोन छटा उजळ, मधाच्या जवळ जाणारा. एक खडा तोंडात टाकत ते म्हणाले, "वरनं बघून कोण गूळ खातंय व्हय? फोडून खात्यात."

आणि मला न विचारता त्यांनी ब्लॅक उतरवला, यलो चढवला. ऊस तोडणीला आल्यासारखा जरा पिवळसर झाला. जमीन उबदार झाली. वर मॅट लॅमिनेशन चढणार होतं, त्यात रंग अजून बसतो, हाही त्यांचा हिशोब असणार. त्यांनी बोलून दाखवला नाही. मी सही केली.

खोकं देखणं झालं, त्यात वाद नाही. गिऱ्हाईक हातात घेतल्या घेतल्या म्हणालं, "बघा, म्हटलं नव्हतं पिवळा द्या?" तेव्हापासून ते डोक्यात बसलंय. मामांनी गुळाचा खरा रंग शोधला की बाजाराच्या डोळ्याला हवा तो? त्यांनाही पिवळ्या गुळाचीच सवय, तेही इथलेच. पण फोडलेला खडा तर खोटं बोलत नव्हता.

त्या रव्याचा एक तुकडा मी डब्यात ठेवला होता. परवा काढला. कोल्हापूरचा पावसाळा त्यानं खाल्लेला, कडांना पाझर फुटलेला, डब्याच्या तळाला काकवी. रंग चांगलाच गडद झालेला. भिंतीवरच्या दोन्ही शीटांशी धरून बघितला, तर तो माझ्या दुपारी तीनच्या शीटला जुळतोय.

गिऱ्हाइकाचा निरोप आहे, "या वेळी अजून थोडा पिवळा." मी फोन केला आणि म्हटलं, नव्या हंगामाचा पहिला रवा निघाला की न फोडता पाठवा, फाईल त्यानंतर देते. मामांनाही कळवलंय, त्या दिवशी पान्याला मी हात लावणार.