मेजरले काय कमी शे?

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले की, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, मला हटकून विचारतात, "पेन्शन येते, कँटीनचं कार्ड आहे, अंगापिंडानं धडधाकट आहेत. मेजरले काय कमी शे? डोक्याच्या डॉक्टरकडे कशाला नेतेस?" (माझे हे हवालदार म्हणून रिटायर झाले. पण आमच्या अमळनेरकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच.) तुम्हीही तेच विचारलंत म्हणून, आणि यांना विचारूनच, लिहितेय.

कमी काहीच नाही. तिकडून जे अंगात भरून आणलंय, ते जात नाही.

डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि फौज सीमेवर गेली. ऑपरेशन पराक्रम. ऑक्टोबर 2002 पर्यंत ते चाललं आणि युद्ध काही झालं नाही, म्हणून गावाला वाटतं, यांनी असं काय सोसलं? पण सीमेलगतच्या शेतांमध्ये सुरुंग पेरले होते. ते पेरताना आणि पुन्हा काढताना किती जवान गेले, कितींचे पाय गेले. एकाचा यांच्या डोळ्यांसमोर गेला. आज आमच्या कपाशीच्या शेतात हे ट्रॅक्टरच्या चाकोरीतूनच चालतात. पुढे नुकती नांगरलेली भुसभुशीत माती आली की थांबतात, खाली बघतात आणि बांधावरून लांबचा फेरा घालून जातात. सालदाराला वाटतं, मेजर चपला जपतात.

यांच्याच पलटणीतला साक्रीकडचा एक जण रिटायर झाल्यावर थोड्याच दिवसांत आत्महत्या करून गेला. दहाव्याला लोक म्हणत होते, दारू होती, भावकीत जमिनीचा वाद होता. असेल, तेही असेल. अशा मरणाला एकच एक कारण नसतं. पण झोप आधी उडाली होती आणि दारू नंतर आली, हे त्याची बायको सांगत होती, ते कोणी ऐकून घेतलं नाही.

हे आपल्याकडंच आहे असंही नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाचा 2021 चा अभ्यास आहे. 2001 नंतरच्या युद्धांमध्ये त्यांचे 7,057 सैनिक मोहिमांवर मेले, आणि त्याच काळातल्या सेवेतल्या नि माजी सैनिकांमध्ये आत्महत्या 30,177. चौपटीहून जास्त. फौज सोडल्यानंतरचं पहिलं वर्ष तर फारच नाजूक असतं, असंही तिकडे दिसून आलंय. मला याचं नवल वाटत नाही. आपल्याकडे शिपाई चाळिशीच्या आत-बाहेरच घरी येतो. फौजेत त्याचा बडी, म्हणजे नेमून दिलेला जोडीदार असतो, माणूस गप्प झाला की आधी त्यालाच कळतं. इथे भाऊबंद ढीगभर, पण तिकडचं बोलायला एकही नाही.

साक्रीहून आल्यावर मी यांना सरळ विचारलं, "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" सासूबाई म्हणाल्या, असलं अभद्र बोलू नये. पण विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, डॉक्टरही हेच सांगतात. हे बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "येतं." दुसऱ्याच दिवशी फवारणीची औषधं दिरांच्या घरी कुलपात गेली आणि परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. तीही यांनी स्वतः जाऊन केली. उपचार ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावर चालू आहेत. गोळ्या आहेत, बोलणं आहे. झोप परत येतेय, हळूहळू.

कोणी पोलीस केसच्या भीतीनं गप्प बसत असेल तर ऐका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलंय. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. जवान आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर 2023 पासून टेलिमानसचा वेगळा कक्षही आहे.

एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पोरीच्या लग्नाला आडवं नाही का येणार?" येतं. एक स्थळ त्यावरूनच परत गेलं. तरी पहिल्या बैठकीत मी सगळं सांगते, कारण पोरीनंच बजावलंय, बाबांचं लपवून मला कुठे द्यायचं नाही.