चौक ब्लिंकिंगवर गेलाय

पुण्यात सिग्नल मेंटेनन्सचं काम करतोय बरीच वर्षं, आणि लोकांना अजून वाटतं सिग्नल म्हणजे वरचे तीन दिवे. खरं काम फुटपाथच्या कोपऱ्यातल्या त्या पेटीत असतं, जिच्यावर क्लासच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात.

मागच्या पावसाळ्यात रात्री पावणेदहाला फोन आला, चौक ब्लिंकिंगवर गेलाय, म्हणजे लाल-हिरवा बंद, नुसता पिवळा लुकलुकतोय. गेलो तर हवालदार रेनकोट घालून मधोमध उभे, "अरे बाबा दोन तास झाले, बघ लवकर". पेटी उघडली तर तारा जोडतात त्या टर्मिनल स्ट्रिपवर दोन तारांच्या मधे करपलेली पाल, कारण केबल आत येते तो डक्ट कुणी सीलच केला नव्हता. पाल काढली, फ्यूज बदलला, चालू केला, तर पाच मिनिटांत परत ब्लिंकिंग. पलीकडच्या पोलचा लाल दिवाच लागत नव्हता.

लोक या ब्लिंकिंगला शिव्या घालतात, पण कंट्रोलर, म्हणजे दिवे चालवणारं पेटीतलं यंत्र, तेव्हा बरोबरच वागत असतो. लाल दिव्याला करंट जात नाहीये किंवा एकमेकांना छेदणाऱ्या दोन रस्त्यांना एकदम हिरवा मिळतोय असं दिसलं की तो स्वतःहून पिवळ्यावर येतो, म्हणून ट्रॅफिक कितीही तुंबू दे, "तेवढा मॉनिटर बायपास कर ना", म्हणजे ही चूक पकडणारा भागच बाजूला काढ, म्हणणाऱ्याचं मी ऐकत नाही, कधीच नाही.

मग केबल शोधायला तासभर गेला. ड्रॉइंग जुनं, मधल्या काळात रस्ता काँक्रीटचा झाला, पोल सरकवला, जॉइंट कुठे मारला त्याची नोंद नाही. शेवटी तो सापडला पाण्याने भरलेल्या चेंबरमधे, बुडालेला.

तेव्हापासून दर चौकाला वहीत एक पान. केबलमधला कुठला कोर (आतली एकेक तार) कुठल्या पोलला, स्पेअर किती, जॉइंट कुठे, दिवा कधी बदलला, सोबत मोबाईलवर फोटो. नवीन सिग्नल बसवायला पैसा मिळतो पण ही नोंद ठेवायला कुणी माणूस देत नाही, याचा मला खरंच राग येतो.

आणि पाहणी मे महिन्यातच करायची. अर्थिंग, बॅटरी, दाराचं रबर, सगळं. एलईडीला १०-१५ वॅट पुरतात, जुना बल्ब ६० ते १०० खायचा, पण बल्ब गेला की गेलेला दिसायचा, एलईडी मात्र हळूहळू मंद होत जातो, त्यामुळे भर दुपारी एक वाजता गाडी थांबते तिथे स्वतः उभं राहून बघावं लागतं लाल दिसतोय का. रस्त्यातली लूप, म्हणजे गाडी आली हे ओळखणारी डांबराखालची तार, खोदाईत तुटली तर बऱ्याचदा कंट्रोलरला वाटतं गाडी कायम उभीच आहे, मग रिकाम्या रस्त्याला पूर्ण हिरवा आणि बाकीचे ताटकळत.

या मे मधे त्या चौकातला डक्ट सील केला, चेंबर उपसून जॉइंट वर भिंतीला बांधला. पानावर लिहिलंय, स्पेअर कोर ४.