निफाडची थंडी, मॉरिशसचं पाणी

आज निफाडकडच्या गारठ्यात मॉरिशसचा फ्लिक-आं-फ्लाक किनारा फार आठवला. जानेवारीत तिथे भर उन्हाळा असतो आणि समुद्राचं पाणी २७-२८ अंशांवर. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिच्यावरच फुटतात, म्हणून आतलं पाणी शांत. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी मात्र ही भिंत तुटलेली आहे. तिथे पोहायचं नाही, फक्त बघायचं!

बेट साधारण २० अंश दक्षिणेला, त्यामुळे जानेवारीत दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर. स्नॉर्केलिंग करताना (तोंडात नळी धरून, पालथं तरंगत पाण्याखाली बघताना) पाठ वर राहते आणि पाण्याच्या गारव्यात भाजल्याचं कळतच नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालाच. सनस्क्रीन क्रीम दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. पायात रबरी तळव्याचे बूट हवेत, कारण खडकांत समुद्री साळू (सी अर्चिन, गोल काटेरी प्राणी) असतात आणि त्यांचे काटे आतच तुटतात. काटा रुतला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवायचा, खोल असेल तर डॉक्टर. हे चक्रीवादळांचेही महिने, परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

जवळच्या कास्काव्हेलला मराठी वंशाची वस्ती आहे. तिकडे जरूर जा.