भिजत घोंगडं

दुपारचे चार. ओट्यावर पातेलं, पातेल्यात काबुली चणे आणि चण्यांच्या अंगावर सुरकुत्या. रात्री भिजत घालायचे राहून गेले आणि दुपारी एकला आठवण झाली, की चार वाजता ते असेच दिसतात. सालाने पाणी पिऊन घेतलेलं असतं, ते सैल होऊन पडलेलं असतं, आणि आतला दाणा तहानलेलाच. एक दाणा उचलून सुरीने मधोमध कापावा. कडेला ओलसर पिवळं कडं आणि मध्ये खडूसारखा पांढरा ठिपका. हा ठिपका दिसतोय तोवर गॅस पेटवू नये. पेटवलाच तर बाहेरचा भाग शिजून पीठ होतो आणि मध्ये कचकच राहते, आणि ती कचकच नेमकी घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या दाताखाली येते. मग पुढचा महिनाभर चण्याचं नाव काढायची सोय नाही.

मराठीत एखादं काम रखडलं की त्याचं भिजत घोंगडं होतं. ज्याने हा वाक्प्रचार काढला, त्याच्या घरी कडधान्य दुसरंच कुणीतरी भिजत घालत असणार. स्वयंपाकघरात उलट आहे. जे भिजत पडलंय ते मार्गी लागलेलं असतं, कोरडं डब्यात बसलंय ते रखडलेलं.

घरात लहान मुलं असली आणि रोजचं खाणं निव्वळ वनस्पतींवर चालवायचं असलं, की सगळे विचारतात, ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न संध्याकाळी विचारण्यात अर्थच नसतो. विचारायचं ते आदल्या रात्री, आणि तेही ‘काय भिजवायचं?’ असं. संयुक्त राष्ट्रांनी 2016 हे कडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं आणि आता दरवर्षी 10 फेब्रुवारीला जागतिक कडधान्य दिन असतो. ज्याने तारीख ठरवली त्याने स्वयंपाक केला असता, तर हा दिवस 9 तारखेच्या रात्री सुरू झाला असता.

भिजवण्यात शिकण्यासारखं काय आहे म्हणा. तरी चुकतं. पहिली चूक भांड्याची. एक वाटी कोरडे चणे फुगून दुपटीपेक्षा जास्त होतात, शिजल्यावर जवळजवळ तीन वाट्या भरतात. तरी माणसं त्यांना असल्या चिमुकल्या वाडग्यात कोंबतात की सकाळी वरचा थर पाण्याच्या बाहेर येऊन कोरडा बसलेला. चण्याच्या चौपट पाणी आणि ते पाहून कुणीतरी हसेल एवढं मोठं पातेलं, हे माप. वेळ आठ ते बारा तास. हवा गरम असेल तर ओट्यावर राहिलेल्या पाण्याला फेस येतो, आंबूस वास सुटतो. तेव्हा पातेलं फ्रिजमध्ये ठेवावं, भिजायला थोडा जास्त वेळ लागेल इतकंच.

दुसरी गोष्ट मिठाची. भिजवताना मीठ घातलं तर दाणे कडक राहतात, हे इतक्या जणांनी इतक्या ठामपणे सांगितलेलं असतं की करून बघायची कुणाला गरजच वाटत नाही. होतं उलटंच. साल घट्ट धरून ठेवणाऱ्या पेक्टिनमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. एक लिटर पाण्याला दोन चहाचे चमचे मीठ पुरतं. दाणे अख्खे राहतात, साल फाटून पाण्यावर तरंगत नाही, आणि ताटात चण्यांची सालं सोलून कडेला रांग लावणाऱ्या मुलांचा एक उद्योग कमी होतो. वर्षाच्या आतल्या बाळासाठी मात्र भिजवतानाही मीठ नको आणि शिजवतानाही नको.

खरा गुन्हेगार आंबट पदार्थ. टोमॅटो, चिंच, लिंबू यांतलं काहीही दाणे शिजायच्या आधी पडलं की पेक्टिन विरघळेनासं होतं आणि डाळ शिजत नाही, अगदी शब्दशः. सोडा याच्या नेमका उलट. एक वाटी कोरड्या चण्यांना पाव चमचा खाण्याचा सोडा घातला की जड पाण्यातही दाणे लवकर नमतात. हात सैल सुटला तर मात्र साबणासारखी चव येते, आणि बी-1 जीवनसत्त्वही जातं. त्यामुळे सोडा अडचणीच्या दिवशी ठीक, सवय म्हणून नको.

भिजवायचं विसरलंच तर घाईची एक रीत आहे. चण्यांना दोन-तीन मिनिटं खळखळून उकळी द्यायची, गॅस बंद करायचा, झाकण ठेवून तासभर विसरायचं, मग पाणी बदलून शिजवायचं. चालतं. रात्रभर भिजलेल्यांसारखे एकसारखे शिजत नाहीत, पण भुकेल्या मुलांना एवढी पारख नसते.

भिजवलेलं पाणी ओतून द्यावं. पोटात वायू धरतो तो रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरांमुळे. त्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर ताव मारतात. भिजवलेल्या पाण्यात त्यांतला काही भाग उतरतो. सगळा नाही. म्हणून ज्या घरात कडधान्यं नवीन आहेत तिथे पहिल्याच दिवशी वाडगाभर वाढू नयेत. दोन चमचे, मग चार. पोटालाही सवय व्हावी लागते.

राजम्याच्या बाबतीत भिजवणं हा चवीचा प्रश्न उरत नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी लेक्टिन असतं आणि चार-पाच कच्चे दाणेही माणसाला उलट्या करायला लावू शकतात, लहान मुलाची तर गोष्टच सोडा. किमान पाच तास भिजवायचा, पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं, आणि अर्धा तास दिला तर आणखी चांगलं, खळखळून उकळायचा. मग मंद आचेवर मऊ होईपर्यंत. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात भिजवलेला राजमा थेट टाकून दिवसभर ठेवणं हे सगळ्यात वाईट. तिथे पाणी उकळीला पोचतच नाही, आणि असा अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. प्रेशर कुकरमध्ये ही भीती नाही. कुकर फक्त अर्ध्याच्या वर भरू नये, कडधान्यांचा फेस वर चढून झडपेत अडकतो. चमचाभर तेल घातलं की फेस जरा दबतो.

भिजलेले चणे प्रेशर आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत होतात, उघड्या भांड्यात तास-दीड तास. शिजले की नाही हे एका दाण्यावरून ठरवू नये, एक दाणा हमखास खोटं बोलतो. पाच दाणे वेगवेगळ्या जागांहून काढावेत आणि अंगठा नि तर्जनीत दाबावेत. पाचही लोण्यासारखे चपटे झाले तर झाले.

पाचांतला एक मात्र कधीकधी टणकन निसटून जमिनीवर उडी मारतो. तो गणंग. किती तास भिजवा, किती उकळा, तो आपला गोटीसारखाच. माणसाला गणंग म्हणतात तेही यावरूनच, पण दाण्यावर हा थोडा अन्याय आहे. त्याच्या सालातून पाणी आत जातच नाही, आणि हे साल निसर्गाने विचार करून दिलेलं आहे. शेंगेतले सगळे दाणे एकाच पावसात रुजले आणि तो पाऊस दगा देऊन गेला तर वंशच बुडायचा. म्हणून काही दाणे आपलं दार बंद ठेवून पुढच्या मोसमाची वाट बघतात. हे कळल्यावरही तो दातांखाली आला की तोंडातून जायचा तोच शब्द जातो.

सगळेच दाणे कडक राहिले तर दोष गणंगांचा नाही, डब्याचा. उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने ठेवलेलं कडधान्य पाणी पितं, फुगतं, आणि तरीही शिजत नाही. यावर उपाय नसल्यासारखाच आहे. म्हणून घट्ट झाकण, थंड जागा, आणि वर्षाच्या आत संपवणं. जुन्या उरलेल्या चण्यांवर नवं पाकीट ओतणारी माणसं मला समजतच नाहीत. त्या डब्यातले अर्धे दाणे वीस मिनिटांत गळतात आणि अर्धे चाळीस मिनिटांनीही तुमच्याकडे टकामका बघत असतात.

पातेलं मोठं घ्यायचं म्हणजे एका दिवसापुरतं भिजवायचं नाही. दोन वाट्या कोरड्या चण्यांचे सहाच्या आसपास वाट्या होतात, आणि चौघांच्या घराला ते तीन दिवस तीन वेषांत पुरतात. शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजेत. तिथे ते तीन-चार दिवस टिकतात, फ्रीझरमध्ये महिने. पहिल्या दिवशी टोमॅटो नि कांद्याच्या रश्शात, टोमॅटो अर्थातच चणे शिजल्यावर.

दुसऱ्या दिवशी हमस. दोन वाट्या चणे, अर्धी वाटी तिळाची पेस्ट, एका लिंबाचा रस, लसणाची एक पाकळी, मीठ. लसूण लिंबाच्या रसातच किसून पाच मिनिटं ठेवला की त्याचा जहालपणा उतरतो, मुलं तोंड वाकडं करत नाहीत. चणे जास्तच शिजलेले हवेत, म्हणजे जवळजवळ फुटलेले. मिक्सर चालू असताना बर्फाचं पाणी चमच्या-चमच्याने घालायचं, तीन-चार चमचे. पेस्ट आधी घट्ट होते आणि वाटतं बिघडलं, मग अचानक पांढुरकी, हलकी होते. इथे घाबरून थांबणारे फार.

तिसऱ्या दिवशी भाजलेले. फडक्यावर पसरून अर्धा तास कोरडे करायचे, कारण ओले चणे भाजले जात नाहीत, वाफवले जातात. दोन वाट्यांना एक मोठा चमचा तेल, ओव्हन 200 अंश सेल्सियसवर, तीस-पस्तीस मिनिटं, मध्ये एकदा हलवून. तिखट-मसाला शेवटी, नाहीतर जळून कडू होतो. गरम असताना डब्यात भरून झाकण लावलं की संपलं, अर्ध्या तासात रबर. आणि हा खाऊ पाच वर्षांच्या आतल्यांसाठी नाहीच. कडक भाजलेला चणा काय, अख्खा शेंगदाणा काय, श्वासनलिकेत अडकतो. त्यांच्या वाटणीचे मऊ चणे बोटाने चेपून द्यायचे आणि शेंगदाण्यांचं बारीक कूट किंवा पेस्ट.

चणे शिजवलेलं पाणी उरतं ते दाटसर, बुळबुळीत असतं. भिजवलेलं पाणी फेकायचं, पण हे नाही. 2014 मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने हे पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटता येतं हे दाखवलं, आणि 2015 मध्ये गूस वोल्ट या अमेरिकन माणसाने लॅटिनमधले पाणी आणि शेंगबी हे शब्द जोडून त्याचं नाव अ‍ॅक्वाफाबा ठेवलं. तीन मोठे चमचे म्हणजे साधारण एक अंडं. पातळ असेल तर आटवून घ्यायचं. मुलांना फेटणीखाली चण्याच्या पाण्याचे ढग होताना बघू द्यावेत. तेवढा वेळ घरात शांतता असते.

शंभर ग्रॅम शिजलेल्या चण्यांत नऊएक ग्रॅम प्रथिनं असतात आणि चोथाही भरपूर. मोठ्यांना हे कौतुकाचं. दोन वर्षांच्या पोटाला नाही. ते पोट इवलंसं, चोथ्याने भरून जातं आणि उष्मांक मात्र पुरेसे मिळत नाहीत. म्हणून त्या वाटीत तेल, तिळाची किंवा दाण्याची पेस्ट हात आखडता न घेता घालायची. लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळायचं किंवा ढोबळी मिरची, संत्रं जोडीला द्यायचं, आणि जेवणाबरोबर चहा मोठ्यांनीही घेऊ नये. बी-12 मात्र भिजवून, मोड आणून, आंबवून, कशानेच मिळत नाही. ते वरून घातलेलं अन्न घ्यायचं किंवा डॉक्टरांना विचारून थेंब-गोळी सुरू करायची. यात ‘बघू पुढे’ नको. मोडांवरून आठवलं. लहान मुलांना मोड आलेलं कडधान्य कच्चं देऊ नये. ज्या ओल्या उबेत मोड येतात, तिथेच जिवाणूही फोफावतात. शिजवलं की प्रश्न मिटला.

आणि मुलं पहिल्यांदा थुंकतातच. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर एखादी चव आपलीशी होते. तोवर ताटाच्या कडेला तीन चणे ठेवायचे आणि त्यांच्याकडे बघायचं नाही.

मसुराच्या डाळीला यातलं काहीच लागत नाही. भिजवणं नको, वाट बघणं नको. धुतली, तिप्पट पाणी घातलं, वीस मिनिटांत गाळ. भाताबरोबर जाते, पावाबरोबर जाते, पास्त्याच्या टोमॅटो सॉसमध्ये ढवळली तर कुणाला पत्ताही लागत नाही.

साडेचार. अजून एक चणा कापून पाहिला. ठिपका आहेच.

आज मसूर.